विषाचा वारस

कागदावर नाव होतं सायराकानचं. दुसऱ्या कुणाचंच नव्हतं.

ती पाटाच्या तोंडाशी गुडघाभर चिखलात उभी राहून गाळ उपसत होती. तालुक्याच्या पर्यावरण कार्यालयाचा इन्स्पेक्टर तिलेक गाडीतून उतरला आणि बूट जपत, दगडांवरून उड्या मारत तिच्यापर्यंत आला.

"एजे, इथे सही करा." वयाने मोठ्या बाईला इथे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"कशाची?"

"कागद मिळाल्याची. फक्त मिळाल्याची."

"चष्मा घरी आहे आणि माझे हात बघ कसे आहेत. वाच तूच. मोठ्यानं वाच, पाण्याचा आवाज आहे."

तिलेकने वाचलं. तेरेक-बुलाक गावातल्या तंबाखू वाळवायच्या जुन्या शेडमध्ये अंदाजे अकरा टन धोकादायक कचरा आढळला. कचऱ्याची धारक, इस्मानालीची मुलगी सायराकान. विनापरवाना हाताळणी, विनापरवाना वाहतूक, विनापरवाना साठवण. धारकाने वीस दिवसांच्या आत स्वखर्चाने कचऱ्याची शास्त्रशुद्ध विल्हेवाट लावावी. न लावल्यास फौजदारी कारवाई.

सायराकानने फावडं काठावर टेकवलं.

"शास्त्रशुद्ध म्हणजे कुठे न्यायचं रे ते?"

"खास भट्टीत जाळावं लागतं. तशी भट्टी आपल्याकडे नाही. परदेशात पाठवावं लागेल."

"म्हणजे अकरा टन विष मी गाढवावर लादायचं आणि सीमेवर जाऊन सांगायचं, बाबांनो, जरा जाळून द्या. वीस दिवसांत."

"कायदा असा आहे, एजे. कचरा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची."

"आणि तो माझ्या ताब्यात आहे हे कुणी ठरवलं?"

तिलेकने मोबाइल पुढे केला. शेडच्या दारावरच्या पाटीचा फोटो होता. लाल रंगातली अक्षरं सायराकानने स्वतः काढली होती. *आत विष आहे. पोरांना लांब ठेवा. चावी मुराब सायराकानकडे.* खाली तिचा फोन नंबर.

तिने पंजा अंगरख्याला पुसला आणि सही केली. सही करताना कागदावर चिखलाचा ठसा उमटला, तो तिने पुसला नाही.

तेरेक-बुलाकची ती एकोणीस वर्षं मुराब होती. मुराब म्हणजे पाटकरी. कुणाच्या चारीला किती तास पाणी, कुणाची पाळी कधी, कुणी रात्री चोरून पाटाचं दार फोडलं, हे सगळं तिच्या डोक्यात आणि तिच्या पाणीवहीत. नवरा गेल्यावर गावाने हे काम तिला दया म्हणून दिलं. पुढे दया मागे पडली, कारण तिच्याइतकं सरळ पाणी कुणी वाटलंच नव्हतं.

पाटाच्या वर टेकडीच्या कुशीत एक खड्डा होता. सोव्हिएत जमान्यात तालुक्याचा कृषी-रसायन डेपो कापसावर आणि तंबाखूवर विमानाने पांढरी पूड फवारायचा. त्या डीडीटीला सगळे दुस्त म्हणत. उवा झाल्या की आया तीच पूड पोरींच्या केसांत चोळत, सायराकानच्याही केसांत चोळली होती. मग एक दिवस वरून हुकूम आला की ही पूड घातक आहे, वापरू नका. डेपोने काय केलं? उरलेली पोती आणि पिंपं टेकडीवर नेली, खड्डा खणला, पुरली, वर माती लोटली, तारेचं कुंपण घातलं आणि हात झटकले. देश बुडाला, डेपो बुडाला, कुंपणाची तार लोकांनी कोंबड्यांच्या खुराड्यांना नेली. खड्डा तेवढा राहिला. दर दोन-तीन वर्षांनी त्या बाजूला चरायला गेलेली एखादी मेंढी तोंडाला फेस येऊन मरायची आणि लोक म्हणायचे, जागा वाईट आहे.

जागा वाईट नव्हती. माणसं वाईट होती. जागेला काय, सगळेच बोल लावतात, ती उलटून बोलत नाही.

यंदा मार्चअखेर दरड कोसळली आणि अर्धी टेकडी घेऊन गेली. खड्ड्याचं पोट फुटलं. फाटकी पोती, गंजून चाळण झालेली पिंपं, आणि त्यांतून निघालेला पांढरा ओघळ थेट पाटाच्या दिशेने. पाटापासून वीस पावलांवर येऊन थांबला होता. आणखी एक पाऊस, की सगळ्या गावाच्या शेतात, विहिरीत, गाईच्या कासेत.

सायराकानने पत्रं लिहिली. पहिल्या पत्राला उत्तर आलं, तुमचा अर्ज अधिकारक्षेत्रानुसार पुढे पाठवला आहे. दुसरं तिने त्या पुढच्या कार्यालयाला लिहिलं, त्यांनी तो अर्ज आणखी पुढे पाठवला. तिसऱ्या वेळी तो फिरत फिरत पहिल्याच कार्यालयात परत आला. चौथ्याला उत्तरच आलं नाही. तिथवर सगळ्यांचे हात दुखले असावेत.

मग तिने अशर बोलावली.

कुणाचं घर कोसळलं, कुणाची भिंत उभी करायची, पाट साफ करायचा, की हाक मारायची आणि अख्ख्या गावाने फावडी घेऊन यायचं. मजुरी नाही, आमंत्रण नाही, घरधन्याने जेवायला घालायचं, बस. तेरेक-बुलाकमध्ये अशरला न येणाऱ्याच्या मयतीला खांदा द्यायला माणूस मिळत नाही. एकतीस घरांतून माणसं आली. तोंडाला ओली फडकी, पायांत रबरी बूट, गुरांच्या डॉक्टरकडून मागून आणलेले हातमोजे. तीन दिवस. पोती, पिंपं, खालची पांढरी माती, सगळं उचलून काँक्रीटच्या तळाच्या शेडमध्ये नेलं, पॉलिहाऊसच्या प्लॅस्टिकात गुंडाळलं, दाराला कुलूप ठोकलं. पुलाव वाऱ्याच्या उलट्या दिशेला अर्धा कोस लांब शिजवला होता आणि गावात पहिल्यांदाच सगळ्यांनी तो हाताने न खाता चमच्याने खाल्ला. दोघांच्या मनगटांवर फोड आले. शेजारच्या बात्माकानचा खोकला अजून गेला नव्हता.

चाळीस वर्षं विष उघड्यावर पडलं होतं तेव्हा कायद्याला त्याचा मालक सापडला नाही. एकतीस घरांनी ते उचलून बंद केलं आणि पंधरा दिवसांत सापडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावप्रमुख अब्दिकालिक आला, सगळ्यांचा बाइके, म्हणजे दादा. ओट्यावर बसला, चहाची वाटी दोन्ही हातांत धरली आणि चहाकडेच बघत राहिला.

"बोला बाइके. चहात काही पडलंय का?"

"मी तालुक्याला बोललो. एक वाट आहे."

"सांगा."

"परत टाका."

"काय परत टाका?"

"ते सगळं. होतं तिथे. खड्ड्यात. मग तुमच्या ताब्यात काही राहत नाही. धारक नाही, केस नाही. तिलेक येईल, फोटो काढेल, जागा पूर्ववत असं लिहील."

सायराकान त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. हा माणूस अशरला स्वतः आला होता. पहिलं पिंप त्यानेच उचललं होतं आणि फोटोपुरतं पोटही आत ओढलं होतं.

"पाटाच्या डोक्यावर?"

"माती घालू ना वर. चांगली जाड."

"पुढच्या पावसाला ती माती तुम्ही धरून बसणार आहात का?"

"हे बघा, तुम्ही एकट्या असता तर मीही म्हटलं असतं, लढा. पण तो व्हिडिओ. गावाच्या ग्रुपवर टाकला होता ना कुणीतरी, 'आमची अशर' म्हणून? तिलेककडे पोचलाय. एकतीस घरांची तोंडं त्यात आहेत. तुम्ही ऐकलं नाही तर उरलेली तीस नावं खाली जोडणार आहेत."

व्हिडिओ त्यानेच टाकला होता. सायराकानला माहीत होतं आणि ती बोलली नाही. काही लाजा न बोलल्यानेच जास्त चावतात.

संध्याकाळच्या आत बात्माकान आली. दारातूनच म्हणाली, "मी खरं बोलणार आहे, रागावू नकोस."

"रागावून काय करू? बस."

"बसत नाही. सायरा, माझा एर्किन रशियात आहे. घरावर केस लागली की नाव काळ्या यादीत जातं म्हणतात, परत जाऊ देत नाहीत. त्याच्यावर सहा तोंडं आहेत. परत टाकायचं ठरलं तर मी येईन टाकायला. माझ्या या हातांनी." ती खोकली, खांब धरून खोकली. "हवं तर थुंक माझ्यावर."

"पाणी पी आधी."

"पाणी कसलं पी म्हणतेस! त्याच पाण्यासाठी तर—" आणि ती रडायला लागली. मग रडतानाच चिडली. "तो कृषीवाला सागिनाली आणि त्याचा तो विभाग, एक माणूस आला नाही गं! एक हातमोजा पाठवला नाही!"

सायराकानला तिच्यावर रागावताच येईना. राग होता, पोटभर होता, पण तो या बाईवर उतरवणं म्हणजे लांडग्याला सोडून मेंढीला झोडपणं. तिने एवढंच म्हटलं, "सात दिवस दे मला."

ते सात दिवस कशाला मागितले हे तिलाही ठाऊक नव्हतं. तिसऱ्या दिवशी कळलं, तेही एका ड्रायव्हरच्या तोंडून.

दर वर्षी मे महिन्यात पाळ्या लावायच्या आधी ज्याला ज्याला पाणी हवं तो मुराबकडे येतो आणि पाणीवहीत लिहितो: नाव, जमीन, किती तास, आणि कोणत्या हक्काने. हक्काचा रकाना रिकामा ठेवला तर पाळी नाही. हा नियम तिचा नाही, तिच्या आजोबांच्या वेळच्या मुराबांचा. तालुका कृषी विभागाची चार हेक्टर जर्दाळूची बाग याच पाटावर होती. विभागप्रमुख सागिनाली स्वतः कधी यायचा नाही, ड्रायव्हर मामातला पाठवायचा. मामात आला, तळलेल्या कणकेचा बोर्सोक तोंडात टाकला, एका हाताने दुसरा उचलला, दुसऱ्या हाताने भराभर लिहिलं. एकोणीस वर्षं तो हेच लिहीत होता आणि एकोणीस वर्षं ती फक्त तास बघत होती.

या वेळी तिने चष्मा लावला.

*तालुका कृषी विभाग. कृषी-रसायन डेपोचा कायदेशीर वारस म्हणून. जर्दाळू बाग. तीस तास.*

"मामात, हे मधलं काय लिहिलंस?"

"ते होय? ते लिहावं लागतं. बाग डेपोची होती ना. डेपो बंद झाला तेव्हा सगळं आमच्याकडे आलं. वारस म्हणून नाही लिहिलं तर उद्या कुणीही म्हणेल, बाग तुमची कशावरून."

"चहा घे अजून. मग डेपोचं आणखी काय काय आलं तुमच्याकडे?"

"इमारत आली. आम्ही बसतो तीच. गॅरेज आलं. ट्रॅक्टर दोन, एक साहेबांच्या मेव्हण्याकडे असतो. वजनकाटा, लोखंडी कपाटं." त्याने बोटं दुमडत मोजलं. "बाग तर आलीच."

"आणि खड्डा?"

मामात हसला. मग त्याचं हसू हळूहळू उतरलं. "एजे, मी ड्रायव्हर आहे हो."

"घाबरू नकोस. तू खरं तेच लिहिलंयस. खाली तारीख घाल."

सातव्या दिवशी ती तालुक्याला गेली. बात्माकान बरोबर आली, न विचारता. सागिनालीचं कार्यालय म्हणजे जुन्या डेपोचीच इमारत. दारावरच्या नव्या रंगाखालून जुनी अक्षरं अजून वर आलेली दिसत होती, कुणी ती नीट खरवडायचीही तसदी घेतली नव्हती. आत टेबलाशी सागिनाली, बाजूला तिलेक कागद घेऊन, खुर्चीच्या कडेवर अब्दिकालिक.

"या, या. चहा?" सागिनालीने विचारलं. "काम दोन मिनिटांचं आहे. पूर्ववत करायला तयार आहात एवढं लिहून द्या. आम्ही कशाला आपल्या माणसांना त्रास देऊ?"

"आधी एक सांगा साहेब. ते विष पुरलं कुणी?"

"डेपोने. पण डेपो आता कुठे आहे?"

"आपल्यात माणूस मेला की जनाज्यापुढे त्याचा मुलगा उभा राहतो आणि सगळ्यांना विचारतो, माझ्या बापाकडे कुणाचं काही राहिलंय का, असेल तर आता माझ्याकडे मागा. बापाचा घोडा घेतला, घर घेतलं आणि ते विचारताना मात्र पोटात दुखतंय म्हणून मागच्या दाराने पळाला, तर त्याला गाव काय म्हणतं?"

"ही इथे काय मयत आहे का?"

"तुमचा डेपो मेला. उभं कोण राहिलं?" तिने पाणीवही टेबलावर ठेवली आणि उघडली. एक पान, दुसरं पान, तिसरं. "हे बघा. दर वर्षी. कायदेशीर वारस, कायदेशीर वारस, कायदेशीर वारस. जर्दाळू खाताना वारस. इमारतीत बसताना वारस. मेव्हण्याच्या शेतात ट्रॅक्टर फिरवताना वारस. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलात तिथवर ठीक आहे, पण बिळातलं विष शेजाऱ्याचं कसं? तिलेक, तुझा कायदा मी वाचलाय. शाळेतल्या मास्तरांकडून आणला आणि तीन दिवस वाचला. पहिली जबाबदारी कचरा करणाऱ्याची. तो नसेल तर त्याच्या वारसाची. ताब्यात असणारा त्याच्या खाली येतो. तू खालून वाचायला सुरुवात का केलीस?"

तिलेकची मान खाली गेली. कान लाल झाले.

"त्यानं वाचलंय," बात्माकान खोकत म्हणाली, "वरच्या ओळीवर साहेबांचा अंगठा होता म्हणून दिसलं नाही."

सागिनाली उठून उभा राहिला. "ही पाण्याची वही आहे! बायकांनी ठेवलेली! याला काय कायदा म्हणतात? ड्रायव्हरनं काहीतरी खरडलं म्हणून विभाग वारस होत नाही. लिही तिलेक, इतिवृत्तात लिही: कृषी विभाग हा डेपोचा कोणत्याही अर्थाने वारस नाही. मी सही करतो." आणि त्याने रागाच्या भरात, शिक्क्यासकट केली.

"याची एक नक्कल मला द्या," सायराकान म्हणाली.

तिने घरी येऊन पाणीवहीतली बागेची ओळ शोधून काढली. समोर हक्काच्या रकान्यात लिहिलं: *वारस नाही, सही सागिनाली, शिक्का.* आणि पाळी खोडली.

मुदतीचे दिवस सरत होते. बागेच्या पाळीचा दिवस आला आणि गेला. सगळ्या चाऱ्यांना पाणी धावलं, बागेच्या तोंडाची लोखंडी झडप खालीच राहिली. दोन दिवसांनी मामात आला, उन्हात उभा राहिला आणि परत गेला. फळं बोटाएवढी झाली होती आणि झाडं पानं दुमडायला लागली होती. सायराकान रोज जाऊन ती झाडं बघायची. ती झाडं तिच्या बापाने लावली होती, डेपोचा मजूर म्हणून. त्यांचा काय गुन्हा? तिला रात्री जेवण जात नव्हतं. पण झडप तिने उचलली नाही.

सोळाव्या दिवशी दुसरा कागद आला. सरकारी बागेचं पाणी बेकायदेशीरपणे अडवलं. तिने तिलेकला चहा दिला, सही केली आणि विचारलं, "ही बाग सरकारी कशी काय? कुणाची वारस म्हणून?" तिलेकने वाटी खाली ठेवली. पण जाताना दाराशी थांबून हळूच म्हणाला, "एजे, तीस नावं मी अजून जोडलेली नाहीत. ती फाइल माझ्या कपाटात सापडत नाहीये."

"लोखंडी कपाट का? डेपोचंच असेल. त्यात वस्तू हरवायची सवयच आहे."

अठराव्या दिवशी सागिनाली स्वतः आला. पहिल्यांदा. पाटाच्या काठावर, चकचकीत बुटांनी. मागे गाडीशी मामात होता, काठावर बात्माकान बसली होती. त्याच्या हातात एक पत्र होतं, शिक्क्यासकट.

"घ्या. झालं समाधान? उचला ती झडप."

सायराकानने बाहीने चष्मा पुसला आणि वाचलं. एकदा, मग पुन्हा. *विभाग सद्भावनेपोटी, स्थानिक नागरिकांवरील भार हलका करण्यासाठी, सदर कचरा तात्पुरता आपल्या देखरेखीखाली घेत आहे.*

"सद्भावना कोणती हो ही?"

"म्हणजे?"

"सद्भावना आम्ही केली, साहेब. एकतीस घरांनी, फडकी बांधून. हिचा खोकला ऐकलात ना, ती सद्भावना. तुम्ही करताय ती उपकाराची गोष्ट नाही. ते तुमचं काम आहे, कायद्याने लावलेलं, चाळीस वर्षं तुंबलेलं. सद्भावना खोडा. तात्पुरता खोडा. लिहा, डेपोचा कायदेशीर वारस म्हणून. मामातच्या अक्षरात आहे, हवं तर बघून लिहा."

"तुम्हाला कळतंय का याचा अर्थ काय होतो? एकदा लिहिलं की ते माझ्या मानेवर बसेल!"

"कळतंय. अठरा दिवस ते माझ्या मानेवर होतं."

मागे बागेतून कोरडा वारा आला. सागिनालीने झाडांकडे बघितलं, मामातकडे बघितलं. मामातने आकाशाकडे बघितलं. मग सागिनालीने गाडीच्या बॉनेटवर कागद टेकवला, दोन शब्द खोडले, चार लिहिले, बाजूला सही केली. पेन इतक्या जोरात चाललं की कागद एका जागी फाटला.

सायराकानने तो कागद घडी करून छातीशी ठेवला, पाटात उतरली आणि दोन्ही हातांनी झडप वर ओढली. गंजली होती, बात्माकानने खाली येऊन हात लावला तेव्हा हलली.

तिच्यावरची पहिली केस मागे घेतली गेली. दुसरी अजून चालू आहे, तारीख पडते, कुणी येत नाही. त्या वर्षी जर्दाळू लहान राहिले, तरी विभागाने ते बाजारात नेले. एर्किन सुट्टीला घरी येऊन रशियाला परत गेला. शेडला नवं कुलूप लागलं, पाटी नवी लागली, तीवर विभागाचं नाव आहे. आतलं अकरा टन विष मात्र आहे तिथेच आहे, ट्रक आलेला नाही. सायराकान दर सोमवारी विभागाला पत्र लिहिते. मामात म्हणतो, साहेब ती उघडायच्या आधीच ओळखतात, पाकिटाला चिखल असतो.